घामाचा काटा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी पंडित नव्हे. नववीत शाळा सुटली, लेथवर उभा राहिलो, आणि जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर वाचनालयाच्या बाकावर. पंचवीसहून अधिक वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहे. ‘सायकलचा पॉवर मीटर कसा निवडावा’ हा विषय मी कळविला, तेव्हा कार्यवाह जरा चपापलेच. हा गृहस्थ बोनसवर बोलेल, असे त्यांना वाटले असावे. पण विषय वाटतो तितका दूरचा नाही.

माझा पुतण्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो आणि सुटीच्या दिवशी पहाटे सायकलीवर घाट चढतो. एक दिवस तो म्हणाला, “काका, मला पॉवर मीटर घ्यायचाय. थोडे पैसे कमी पडतात.” हे काय असते, असे मी विचारले. पाय किती काम करतो ते क्षणोक्षणी सांगणारे यंत्र, असे त्याने सांगताच माझे डोके फिरले. “अरे, ज्या स्टॉपवॉचशी आम्ही जन्मभर भांडलो, ते तू पदरचे पैसे घालून पायाला बांधून घेतोस?” पोरगा शांतपणे म्हणाला, “ते घड्याळ साहेबाच्या हातात होतं, काका. हे माझ्या हातात राहील.”

मला उत्तर सुचले नाही. उत्तर सुचले नाही की मी वाचू लागतो.

घड्याळाचा इतिहास आपल्याला अपरिचित नाही. अमेरिकेत टेलर नावाच्या इंजिनियराने स्टॉपवॉच लावून मजुराच्या हालचाली मोजल्या. 1911 साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतारी त्या घड्याळाविरुद्ध काम टाकून बाहेर पडले, आणि 1915 साली तेथील कायदेमंडळाने शस्त्रागारांत अशा मोजणीवर पैसा खर्च करण्यास बंदी घातली. आपल्या मुंबईत 1928 साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, ही सक्ती त्या तंट्याच्या मुळाशी होती.

पण इंग्लंडच्या कोळसा खाणींची हकीकत निराळी आहे. तेथे मजुरी वजनावर मिळे आणि काटा मालकाचा असे. खाणकामगारांनी ‘वजनच नको’ असे म्हटले नाही. ‘काट्याशेजारी आमचा माणूस उभा राहील’ असे ते म्हणाले, आणि 1860 च्या कायद्याने तो हक्क त्यांना मिळाला. ऊस घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ‘काटामारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भांडण मापाशी नसते. माप कोणाच्या हाती आहे आणि ते तपासता येते की नाही, यावर असते. पुतण्याचे म्हणणे मला पटले ते येथे.

आता यंत्राकडे वळू. पायडलवर जोर पडला की क्रँक किंचित वाकतो. त्या वाकण्याबरोबर क्रँकला चिकटविलेल्या ताणमापक पट्टीचा विद्युत्-रोध बदलतो, आणि त्यावरून जोर कळतो. क्रँक मिनिटाला किती फेरे घेतो तेही मोजले जाते. पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॅटमध्ये सांगतात. उदाहरण घ्या. 170 मिलिमीटरच्या क्रँकवर मिनिटाला 90 फेरे घेत 200 वॅट काढायचे, तर दोन्ही पायांचा मिळून सरासरी जोर पावणेतेरा किलो वजनाइतका पडतो. जोर थोडाच, पण तो तासभर टिकविणे, हीच खरी मेहनत.

1986 साली उलरिख शोबेरर या जर्मन इंजिनियराने असा मापक क्रँकच्या मध्यभागी बसविला. ती चैन बरीच वर्षे व्यावसायिक स्पर्धकांनाच परवडे. 2012 साली स्टेजेस या अमेरिकन कंपनीने केवळ डाव्या क्रँकवरचा मापक बाजारात आणला आणि किमती उतरू लागल्या. आता कॅनडाच्या व चीनच्या कंपन्यांनी त्या आणखी खाली आणल्या आहेत. तरीही ही रक्कम कामगाराच्या खिशाला जड आहे. म्हणून घेणाऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तो आपल्या सायकलीला बसतो का. कॉटर पिनेच्या किंवा चौकोनी टोकाच्या एक्सलला हे नवे क्रँक बहुधा बसत नाहीत. पोकळ एक्सलमध्येही 24 मिलिमीटरचा वेगळा, 30 चा वेगळा. डावा क्रँक उजव्याच्याच लांबीचा हवा, आणि आतल्या बाजूची डबी फ्रेमला घासता कामा नये. हे न मोजता पैसे देणे म्हणजे पाय न मोजता जोडा घेणे.

दुसरी गोष्ट, एक बाजू की दोन. स्वस्त मापक फक्त डाव्या पायाचे काम मोजतो आणि त्याची दुप्पट करून दाखवितो. खरे काम 250 वॅट असून डावा पाय त्यातले 48 टक्केच करीत असेल, तर आकडा 240 दिसेल. रोजची प्रगती पाहायला हे चालते. कालच्या आपल्याशी आजच्या आपली तुलना, एवढेच करायचे असते. पण ज्याचा एक पाय कधी मोडला असेल, त्याने एकबाजू मापक घेऊ नये. त्याने दोन्ही पाय मोजणाऱ्या मध्यभागीच्या मापकासाठी थांबावे.

तिसरी, आपला पावसाळा. डबीचे झाकण नि रबर नीट पाहावे, घड्याळातला सेल गावात मिळतो का ते पाहावे. उन्हातान्हात धातू फुगतो, आकुंचन पावतो. म्हणून तापमानाची भरपाई करणारा मापक घ्यावा आणि निघण्यापूर्वी दर वेळी शून्य लावावे. वाणी तागडी आधी रिकामी पाहतो, तसेच.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट: मापक तपासता आला पाहिजे. पुतण्याने प्रथम जुन्या बाजारातून एक डावा क्रँक स्वस्तात आणला. मी शेजारच्या दुकानातून शिक्क्याची दहा किलोची वजने आणली. शून्य लावले, क्रँक पुढच्या बाजूला आडवा धरला, मागचा ब्रेक आवळला आणि वजन पायडलच्या दांड्याला टांगले. दहा किलो आणि 170 मिलिमीटर यांचा पीळ 16.7 न्यूटन-मीटर भरला पाहिजे. यंत्र 15.5 दाखवीत होते. म्हणजे 200 वॅटला हा गडी 186 म्हणणार. “एवढं चालतं हो,” विकणारा म्हणाला. मी म्हटले, “मजुरीतले शंभरातले सात रुपये तुम्हाला कापले तर चालतील?” त्याने क्रँक परत घेतला. पुढे नवा घेतला, तो कसोटीला उतरला. ही कसोटी ज्यात करता येत नाही, असा मापक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

आणि परवडत नसेल तर? तर खंत करू नका. सायकलसह 75 किलो भरणारा माणूस तासाला 600 मीटर उंची चढला, तर केवळ चढण्याचे काम सुमारे 123 वॅट होते. ओळखीचा घाट, मनगटावरचे घड्याळ आणि पाटीवरचा हिशेब, हाही गरिबाचा पॉवर मीटरच आहे.

आता शेवटचे. पुतण्याने वर्षभर वही ठेवली. घाटात आरंभीच दम घालविण्याची त्याची खोड त्या आकड्यांनी मोडली. पण वहीत दुसरेही काही निघाले. रात्रपाळीचा आठवडा संपला की, छातीचे ठोके तेवढेच असताना, त्याचे वॅट दरवेळी पंधरा-वीस कमी भरतात. मित्रहो, रात्रपाळी माणसाला खाते, हे मी किती साहेबांसमोर सांगितले असेल! दरवेळी एकच प्रश्न येई: पुरावा काय? एका माणसाची वही म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मी जाणतो. तरी ती वही हातात घेतली तेव्हा माझा हात थरथरला.

“ही संघटनेच्या कचेरीत आणू का?” त्याने विचारले. मी म्हटले, “वही तुझी आहे. दाखवायची की नाही, कोणाला दाखवायची, हे तू ठरव. आम्हालासुद्धा विचारून घ्यावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. सोबत पाळीतले आणखी तिघेजण होते; त्यांच्यापाशी मापक नव्हता, पण कोऱ्या वह्या होत्या.