‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध नव्हे



वैद्यकीय संमेलन म्हटलं की नागपूर-पुणे ठरलेलं. ते देवळीत भरवून आयोजकांनी चांगला पायंडा पाडला आहे. अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. आता थेट विषयाकडे वळते, कारण जेवणाची वेळ जवळ आली आहे.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. हा उपचार ही तेव्हा मुंबईची नवलाई होती. आज इथून जवळच, सावंगीच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात ती सोय आहे. उपचार दाराशी आले, त्यांच्यासोबत एक फुकटचा सल्लाही आला: ‘टेन्शन घेऊ नको, मग राहील.’ सासू म्हणते, शेजारीण म्हणते आणि ओपीडीत आपणही म्हणतो. त्यात तथ्य किती, ते आज तपासू.

ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच सुटतं, त्यावरून पिट्युटरी एसीटीएच सोडते आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल. हा ताण जबर आणि लांबलेला असेल तर पाळीचा गाडा हाकणाऱ्या जीएनआरएचची लय मंदावते. उपासमारीत किंवा अति व्यायामात पाळी बंद होते ती याच वाटेने. इथवर सल्ला देणाऱ्यांची बाजू खरी. पण आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, ही लय आपण मुद्दाम बाजूला सारतो. एफएसएच बाहेरून देतो, एलएचची अवेळी उसळी औषधाने दाबतो, बीज पक्व करायलाही इंजेक्शन देतो. जिथे ताणाने घोळ घालायचा, तिथला कारभार त्या दिवसांत आपल्याकडेच असतो.

२०११ साली ‘बीएमजे’मध्ये जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचाराआधी ज्या अधिक चिंताग्रस्त होत्या, त्यांना गर्भ कमी राहिला असं काही दिसलं नाही. दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत टेक्सास आणि मिशिगनमध्ये उपचारांविना मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांची लाळ तपासली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांच्या लाळेत ताणाची खूण मानलं जाणारं अल्फा-अमायलेज जास्त, त्यांना दिवस राहायला वेळ लागला. कॉर्टिसॉलचा मात्र संबंध आढळला नाही. एवढ्या पुराव्यावर कुणा बाईला ‘तुझ्या विचारांमुळेच राहत नाही’ असं सुनावणं हा अन्याय आहे.

प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी दोन गोष्टी. बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढतं, तसं कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिनही रक्तात वाढतं. त्यामुळे बाई शांत असली तरी एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगलेला दिसू शकतो. प्रोलॅक्टिन तर सुईच्या धास्तीनेही वाढतं. सकाळची बस पकडून धापा टाकत आलेल्या बाईला आधी बसवा, मग रक्त घ्या. प्रोलॅक्टिनचा आकडा थोडाच वर असेल तर गोळी लिहिण्याआधी तपासणी पुन्हा करा.

ताण खोटा आहे, असं मी म्हणत नाही. तो कुठून येतो ते पाहा. काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवावी लागतात आणि आपल्याकडे फ्रीज बैठकीत असतो. दुधाच्या पातेल्यामागे दडवलेला डबा कुणाला ना कुणाला दिसतोच. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मजुरी बुडते, घरी कारण सांगावं लागतं. शेवटचं इंजेक्शन रात्री नेमक्या वेळी, कारण ३४ ते ३६ तासांनी बीज काढायचं असतं. गर्भ सोडल्यावर निकालासाठी दोन आठवड्यांची वाट. त्यात हळदीकुंकवाला गेलं की ‘काही गोड बातमी?’ आहेच. अशा ताणाने खचून उपचार अर्धवट सोडणाऱ्या स्त्रिया अनेक देशांत आढळल्या आहेत. आयव्हीएफमध्ये ताण मूल हिरावतो तो बहुधा असा: बाई पुन्हा येतच नाही.

म्हणून तीन सूचना करते. पहिली, नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा. ती स्वस्त आहे, सोपी आहे. तरीही बाईचं क्युरेटिंग, दुर्बीण सगळं आटोपल्यावर ती आठवते. दुसरी, २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने क्लिनिकवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. ते सहीपुरतं उरकू नका. यश किती, अपयश किती, हे जोडप्याला मराठीत, बसवून सांगा. तिसरी, निकाल नकारार्थी आला तर तो रिसेप्शनवरून फोनने कळवू नका. तो डॉक्टरांनी स्वतः सांगावा आणि पुढची भेट तिथेच ठरवावी.

आशाताई, गावात तुमचा शब्द चालतो. ‘टेन्शन घेऊ नको’ ऐवजी ‘तपासणीला मी सोबत येते’ म्हणा आणि नवऱ्यालाही सोबत घ्या.

यातल्या एकाही सूचनेला नवं यंत्र लागत नाही. पुढच्या संमेलनात आयोजकांनी यासाठी अर्धा तास राखून ठेवावा आणि कुणाकडे काय सुरू झालं, काय अडलं, ते प्रत्येकाने इथे उभं राहून सांगावं, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.