मनाची जखम आणि सात दिवसांचे उपचार



मनाच्या जखमेविषयी बोलावयाचे तर आपल्या वाशिमकरांना दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. चर्चा झाली ती कर्जाची, पाण्याची, बियाण्याची, आणि ती व्हावयासच हवी होती. पण ज्या मुलाने गोठ्यात बापाचे प्रेत प्रथम पाहिले, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

असा मुलगा मोठा होतो, कामालाही लागतो. मात्र फवारणीच्या दिवसांत औषधाचा वास आला, की त्याच्या छातीत धडधड सुरू होते आणि तो प्रसंग आत्ताच घडतो आहे असे त्याला वाटते. साध्या आठवणीला तारीख असते. या आठवणीला ती नसते. म्हणून तो गोठ्याकडे जाणेच टाळतो. आपणही त्याला सांगतो, “झालं ते झालं, विसरून जा.” सल्ला मायेचा खरा, पण परिणाम उलटा. टाळल्याने भीती टिकते, कारण ती आता निराधार आहे हा अनुभव घेण्याची संधीच मिळत नाही.

उपचाराची दिशा नेमकी विरुद्ध आहे. जाणत्या तज्ज्ञासमोर तो प्रसंग सविस्तर सांगावयाचा. जेथे वाचा बसते, तेथेच थांबावयाचे. बहुधा तेथे एखादे वाक्य रुतलेले असते : “मी लवकर घरी आलो असतो तर बाबा वाचले असते.” हे वाक्य हळूहळू तपासले जाते. पुढे त्या जागीही जावयाचे, आणि तेव्हाचे काय व आजचे काय हे डोळ्यांनी पाहावयाचे.

हे काम सामान्यतः आठवड्याला एक बैठक याप्रमाणे सुमारे तीन महिने चालते. आता मानोऱ्याच्या एखाद्या मजुराने दर आठवड्याला रोज बुडवून, एस. टी.चे भाडे भरून शहरात कसे यावे? डॉ. अँके एलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये १२१ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात हेच उपचार एका गटाला सात दिवसांत दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटातील ७३ टक्के आणि साप्ताहिक उपचारांच्या गटातील ७७ टक्के रुग्ण बरे झाले होते. फरक नावापुरताच! तूर घरात आल्यापासून मृगापर्यंत आपल्याकडे असा एक आठवडा निघू शकतो, असे मला वाटते.

मात्र घाई निराळी. दुर्घटना घडताच सर्वांना एकत्र बसवून एकदाच बोलते करण्याने फायदा होत नाही, कधी अपायही होतो, असे आढळले आहे. प्रत्येक शोक हा आजारही नव्हे. आणि सावकाराचे देणे कोणत्याही बैठकीने फिटत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

अडचण आहे ती माणसांची. २०१५ साली राज्य सरकारने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यांत वाशिमही होते. आशाताईंनी घरोघरी चौकशी करावी, ही त्यातील कल्पना मोलाची. पण चौकशी करणे वेगळे आणि असा आठवडा पेलणे वेगळे. त्याला खास शिक्षण लागते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस सेवा आहे. सात दिवसांचे उपचार दूरध्वनीवर होणार नाहीत, पण जवळ कोणाकडे जावे हे तेथे मराठीत विचारता येते.