मोजदाद न झालेले राष्ट्र

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



नायजेरियाची लोकसंख्या किती, असे कुणी विचारले तर आपण संयुक्त राष्ट्रसंघाचा आकडा सांगू. तो २३ कोटींच्या आसपास आहे. आफ्रिकेतील सर्वाधिक लोकसंख्येचा हा देश. परंतु हा आकडा माणसे मोजून आलेला नाही, तो अनुमानाने काढलेला आहे. तेथे शेवटची जनगणना झाली ती मार्च २००६ मध्ये. त्यानंतर जन्मलेली पहिली मुले मतदानाच्या वयाला पोहोचली, तरी त्यांच्यापैकी एकाचीही गणती कोणत्याही जनगणनेत झालेली नाही.

असे का व्हावे? पैसा नाही, सुरक्षितता नाही, ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. खरे कारण इतिहासात आहे.

ब्रिटिश अमदानीत शिरगणती म्हणजे कर, हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले होते. गणना करणाऱ्याच्या मागोमाग कर वसूल करणारा येणार! १९३१ च्या गणनेच्या वेळी उत्तरेत टोळधाड आली, आग्नेयेत करविरोधी दंगली झाल्या आणि सारे काम विस्कटले. लोक दडत, त्यामुळे आकडा कमीच भरे. १९६० मध्ये स्वातंत्र्य आले आणि हिशेब उलटा फिरला. ज्या प्रदेशात डोकी अधिक, त्याला संसदेत जागा अधिक. मग कालपर्यंत लपवली जाणारी माणसे वाढवून सांगण्याची चढाओढ सुरू झाली.

उत्तरेत प्रामुख्याने हौसा-फुलानी मुसलमान, आग्नेयेत इग्बो ख्रिस्ती आणि नैर्ऋत्येत योरुबा, अशी या देशाची ढोबळ रचना आहे. १९६२ च्या प्राथमिक आकड्यांत दक्षिणेचे पारडे जड झाले. फेरतपासणी झाली, तो उत्तरेत ऐंशी लाखांहून अधिक माणसे नव्याने ‘सापडली’! पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा यांनी ती गणनाच रद्द केली. १९६३ मध्ये पुन्हा मोजणी झाली. एकूण आकडा ५ कोटी ५६ लाख आणि त्यात उत्तरेचा वाटा निम्म्याहून अधिक. पूर्व प्रांताचे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, पण तेथे दाद मिळाली नाही. पुढे १९६६ चे लष्करी उठाव झाले आणि १९६७ ते १९७० या काळात बियाफ्राचे यादवी युद्ध पेटले. ते जनगणनेमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. पण परस्परांवरचा जो विश्वास तेव्हा उडाला, त्यात या आकड्यांचा हातभार निश्चितच होता.

१९७३ ची गणनाही रद्द झाली. १९९१ मध्ये ८ कोटी ८९ लाख मोजले गेले, तेव्हा जग थक्क झाले, कारण आंतरराष्ट्रीय संस्थांचा अंदाज ११ कोटींच्या वर होता. २००६ मध्ये धर्म आणि वंश हे दोन्ही प्रश्न प्रपत्रातून वगळले. तरीही वाद झालाच. उत्तरेतील कानो राज्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख आणि लागोस या महानगरी राज्याची ९१ लाख निघाली. लागोस सरकारने स्वतःच्या मोजणीच्या आधारे पावणेदोन कोटींचा दावा केला. एवढ्या आटापिटा कशासाठी, असे वाटेल. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या निधीच्या वाटपात लोकसंख्येला ३० टक्के भार आहे, आणि त्या निधीत मोठा भाग तेलाच्या उत्पन्नाचा असतो. २०१३ मध्ये लोकसंख्या आयोगाच्या अध्यक्षांनीच, आजवरची एकही जनगणना विश्वासार्ह नाही, असे जाहीरपणे सांगितले. त्यांना पद सोडावे लागले.

आणि हा देश झपाट्याने वाढतो आहे. निम्मी प्रजा साधारण अठरा वर्षांखालची आहे. २०१८ च्या आरोग्य पाहणीत उत्तरेतील कत्सिना राज्यात एका स्त्रीमागे ७.३ अपत्ये, तर लागोसमध्ये ३.४, असे आढळले. याचे उत्तर केवळ धर्मात शोधण्याची घाई आपण करू नये. नैर्ऋत्येच्या योरुबांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, तरी त्या विभागाचा दर ३.९ होता. मुलगी किती वर्षे शाळेत टिकली आणि तिचे लग्न कोणत्या वयात झाले, हे दोन प्रश्न विचारले की पुष्कळसा उलगडा होतो.

संख्येच्या या संशयाची किंमत लहान मुलांनी मोजली. लस पाजून वंध्यत्व आणण्याचा, आपली संख्या घटवण्याचा हा डाव आहे, अशी अफवा उठली आणि २००३ मध्ये कानोसह उत्तरेतील काही राज्यांनी पोलिओची मोहीम थांबवली. विषाणू तेथून इतर देशांत पसरला. मोहीम पुन्हा सुरू झाली, तरी काही मुले सुटतच राहिली, कारण कार्यकर्ते हाताने काढलेल्या नकाशांवर विसंबून होते. पुढे उपग्रहचित्रे आली आणि कोणत्याही यादीत नसलेल्या वस्त्या त्यांत दिसू लागल्या. मग त्या वस्त्यांपर्यंत माणसे पोहोचली. दारावर खडूची खूण आणि बाळाच्या बोटाला शाई, हे दृश्य आपल्याही परिचयाचे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये नायजेरियासह जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. त्या यादीवर ना संसदेतील जागा ठरत होती, ना तेलाच्या पैशातला वाटा.

पुढच्या जनगणनेसाठी तेथील आयोगानेही उपग्रहचित्रांच्या साहाय्याने देशभर गणना-विभाग आखले होते. मे २०२३ ही तिची तारीख ठरली होती. सत्तांतर तोंडावर आले आणि सरकारने ती बेमुदत पुढे ढकलली.