गृहिणीच्या श्रमांचा हिशेब

रस्ते अपघातात गृहिणी गेली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तिच्या कुटुंबाला भरपाई किती देतं? पगाराची पावती तर नसते. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या तक्त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलेलं होतं. हा सरळ अन्यायच होता, कारण घरकामाला सुट्टीचा दिवसही नसतो! सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये या मोजमापावर कडक ताशेरे ओढले. जानेवारी २०२१ च्या ‘कीर्ती’ खटल्यात गृहिणीच्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरता येते, हे न्यायालयाने मान्य केलं.

आता आकडेमोड पाहू. वय ३२, मागे पती आणि दोन मुलं. समजा, न्यायाधिकरणाने मासिक उत्पन्न १०,००० रुपये गृहीत धरलं. वर्षाचे झाले १,२०,०००. त्यात ४० टक्के वाढ, म्हणजे १,६८,०००. तिचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले १,१२,०००. या वयाला गुणक १६. एकूण १७,९२,००० रुपये. अंत्यविधीचा खर्च वगैरे रकमा वेगळ्या.

खरी मेख आहे त्या पहिल्या आकड्यात. तो प्रत्येक न्यायाधिकरण आपापल्या अंदाजाने ठरवतं. त्यासाठी देशभर एकच किमान रक्कम ठरवून ती दरवर्षी वाढवायला हवी.