मोटा मोजाव्यात की घड्याळ पाहावे?

श्रोते हो, मोटेवरचा एक हिशेब तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. “चाळीस मोटा झाल्या की न्याहारी घेऊन ये,” असे धनी पोराला सांगे. बैलजोडी रोजचीच असली की वेळ बरोबर साधे. पण तरणे बैल जुंपले की चाळीस मोटा केव्हाच संपत आणि भाकरी थापायच्या आतच पोरगे दारात उभे! मोजणी बरोबर, पण वेळ चुकीची.

संगणकाचेही असेच झाले. 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ होता. थोडे थांबायचे असले की काही प्रोग्रॅम नुसतेच आकडे मोजत बसत. पुढे यंत्रे वेगवान झाली, तसे ते थांबणे आखडले. खेळ इतके पळू लागले की खेळणाऱ्याचा हातच पोचेना. म्हणून कित्येक यंत्रांना वेग कमी करण्याचे बटण ठेवावे लागले!

यावर टर्बो पास्कल या भाषेने एक तोड काढली. यंत्रात निराळा टाइमर असतो. प्रोसेसर कितीही पळो, त्याचे ठोके सेकंदाला 18.2, म्हणजे एक ठोका सुमारे 55 मिलिसेकंदांचा. प्रोग्रॅम सुरू होताना एका ठोक्यात किती फेरे होतात ते मोजायचे, त्याला 55 ने भागायचे, की एका मिलिसेकंदाचे फेरे मिळाले. नवे बैल आधी पारखून घ्यावेत, तशी ही युक्ती!

पण भागाकार ठेवायची जागा 16 बिटांची. तीत 65,535 पेक्षा मोठा आकडा मावत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस यंत्रे एका ठोक्यात 36 लाखांहून जास्त फेरे मारू लागली आणि माप उतू गेले. जुन्या यंत्रावर सुरळीत चालणारा प्रोग्रॅम नव्यावर सुरू होताच बंद पडे. पडद्यावर चूक क्रमांक 200, म्हणजे ‘शून्याने भागाकार’. लोक आपल्या प्रोग्रॅममध्ये शून्य शोधत बसले. भाजक तर 55 होता! शून्याने भागले काय किंवा उत्तर मावले नाही काय, प्रोसेसर दोन्हींसाठी एकच खूण करतो, हे त्यातले मर्म.

मग चूक सापडावी कशी? आपला मजकूर काढून टाकून फक्त तो मोजणीचा भाग ठेवावा. तरीही प्रोग्रॅम कोसळला, तर दोष आपल्या लिखाणात नाही हे उघड झाले. मग कागदावर गणित मांडावे: 65,535 गुणिले 55. उत्तर तिथेच दिसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात एवढे करून पाहा. मुलांना मनातल्या मनात साठ अंक मोजायला सांगा आणि तुम्ही घड्याळ पाहा. कुणाचे मिनिट चाळीस सेकंदांत संपेल, कुणाचे सत्तरांत. वेळ हवी असेल तर आपले श्रम मोजू नयेत, घड्याळ दोनदा पाहावे आणि वजाबाकी करावी, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.