काठी किती आणि कधी?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीतील एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लिफ्टमध्ये, गच्चीवर, गणपतीच्या मांडवात मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "साहेब, तुमच्या लोकांनी त्याला तिथेच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या!" बोलणारा माणूस वाईट नसतो, चिडलेला असतो. पण पोलिसाने बळ कधी वापरायचं, किती वापरायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या चिडीवर ठरत नाही. मग कशावर ठरतं, तेवढंच आज सांगतो.

आधी कायदा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या बाबतीतलं मूळ सूत्र जुनंच आहे. आरोपीने अटकेला जोर लावून विरोध केला, तर अटक करण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलीस करू शकतात. मात्र ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्या गुन्ह्यातल्या आरोपीचा अटक करताना जीव घेण्याचा अधिकार ते कलम देत नाही. आणि अटक झाल्यावर माणूस पळून जाऊ नये इतकंच बंधन, त्याहून जास्त नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे आणि तुम्हालाही. पण तिथेही बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

म्हणजे बघा, माप गुन्ह्याचं नाही, समोरच्या धोक्याचं आहे. गुन्हा कितीही संतापजनक असो, आरोपी हात वर करून उभा असेल तर त्याच्यावर काठी चालवायला जागा उरत नाही. उलट साधा पाकीटमार असला आणि त्याने वस्तरा काढला, तर गोष्ट वेगळी.

हे कागदावर सोपं आहे. रस्त्यावर अधिकाऱ्याच्या हातात काही सेकंद असतात. त्याचे डोळे आधी समोरच्याच्या हातांकडे जातात. हातात काय आहे? अंतर किती? मागे-पुढे लहान मुलं, बायामाणसं आहेत का? मी एकटा आहे की बरोबर माणसं आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थांबायला वेळ आहे का? वेळ मिळवता आला, अंतर वाढवता आलं, तर निम्मे प्रसंग बोलण्यावर मिटतात. समजा, मनाचा तोल गेलेला एखादा माणूस सुरी घेऊन खोलीत एकटाच कोंडून बसला आहे. तिथे दार फोडून घुसण्याची घाई कशाला? बाकीच्यांना बाहेर काढा, जिना मोकळा करा, त्याच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा, डॉक्टरांना बोलवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, उपचारांसाठी न्यावं लागतं. पण त्याच खोलीत त्याची म्हातारी आई अडकली असेल, तर ती वाट बघणं महागात पडेल. माणूस तोच, सुरी तीच, निर्णय मात्र बदलला.

जमावाचंही तसंच. बेकायदा जमावाला आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो. न ऐकल्यास पुढची पायरी. लाठी चालवायची ती पायांवर, डोक्यावर नाही. वर्तमानपत्रात 'सौम्य लाठीमार' असा शब्द येतो. ज्याच्या नडगीवर ती बसते त्याला ती सौम्य वाटत नाही, हे मी खात्रीने सांगतो! आणि हवेत गोळीबार केला की कुणाला लागत नाही, असं समजू नका. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि आपल्या शहरात त्या 'कुठेतरी'मध्ये गॅलऱ्या असतात.

आता एक प्रसंग, जो आपण सगळे जाणतो. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटीजवळची नाकाबंदी. गाडीतून दोन अतिरेकी आले. इस्माईल खान गोळ्या झाडत होता, पोलिसांनी उलट गोळीबार केला, तो मेला. दुसरा, अजमल कसाब. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे फक्त काठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी पकडली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. सहकाऱ्यांनी काठ्यांनी कसाबला नमवलं. आणि मग ते थांबले. आपला माणूस समोर रक्तात पडलेला असताना थांबले. संताप करायला याहून मोठं कारण कोणतं असेल? पण कसाब जिवंत हाती लागला, म्हणून कट न्यायालयात उलगडता आला. खटला चालला, अपील झालं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कायद्याने शिक्षा दिली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. एकाच नाक्यावर, काही क्षणांत गोळीही योग्य ठरली आणि थांबणंही.

बळ वापरल्यावर जाब द्यावा लागतो, तो लागलाच पाहिजे. मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नियम घालून दिले : चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी करायची, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. काही सहकाऱ्यांना हे जाचक वाटतं. मला वाटत नाही. सरळ काम करणाऱ्याला कागदच वाचवतो.

आता आपल्याकडे येतो. आपल्या आवारात उद्या चोर सापडला तर? डोळ्यांदेखत दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पकडण्याचा अधिकार आहे, बडवण्याचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे भटके लोक होते. मारणाऱ्यांनाही त्या क्षणी आपण मुलांना वाचवतोय असंच वाटलं असेल.

म्हणून कमिटीला एक विनंती. वॉचमनच्या केबिनमध्ये एक कागद चिकटवा : ११२ ला फोन करा, माणसाला बसवून ठेवा, बांधून मारू नका, गर्दी पांगवा, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा. आणि पोलीस आल्यावर "साहेब, दोन ठेवून द्या" असं ओरडू नका. तो हवालदार तुमच्यातलाच आहे, त्याच्याही कानावर ते पडतं, आणि नंतर चौकशीला मात्र त्याला एकट्यालाच उभं राहावं लागतं.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना मनःपूर्वक शुभेच्छा.