लेंडा मरे: आठ वेळा मिस ऑलिंपिया



आज भेटू या लेंडा मरे यांना.
अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या या शरीरसौष्ठवपटू.
मिस ऑलिंपिया हा महिलांसाठी या खेळातला सर्वांत मानाचा किताब.
लेंडा यांनी तो आठ वेळा जिंकला.
हो, आठ वेळा!

या स्पर्धेत वजन उचलायचं नसतं.
मंचावर एकेक पोझ घेऊन शरीर दाखवायचं असतं.
परीक्षक स्नायूंचा आकार पाहतात.
त्यांचा रेखीवपणा पाहतात.
सगळ्या अंगाची प्रमाणबद्धताही पाहतात.
रुंद खांदे, भरदार पाठ आणि बारीक कंबर...
लेंडा यांची हीच ओळख होती.

पहिला किताब मिळाला 1990 मध्ये.
पुढच्याच वर्षी समोर उभ्या राहिल्या ऑस्ट्रेलियाच्या बेव्ह फ्रान्सिस.
त्या मूळच्या पॉवरलिफ्टर, ताकदीत जबरदस्त.
लेंडा जिंकल्या, पण फक्त एका गुणाने!
मग 1995 पर्यंत त्या हरल्याच नाहीत.

1996 मध्ये मात्र किम चिझेव्स्की यांनी त्यांना मागे टाकलं.
पुढच्या वर्षीही तेच झालं.
लेंडा यांनी स्पर्धा सोडली.

श्रोतेहो, मला खरं कौतुक वाटतं ते यापुढचं.
2002 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्या पुन्हा मंचावर आल्या.
आल्या आणि जिंकल्या!
2003 मध्येही जिंकल्या.
आधीचे सहा, नंतरचे दोन, असे आठ किताब.
तोवर कुठल्याही महिलेला इतके मिळाले नव्हते.

2004 मध्ये आयरिस काइल यांनी त्यांना हरवलं.
पुढे याच काइल यांनी दहा किताबांपर्यंत मजल मारली.